टेकाडाचा ताबा

हनुमानगड, राजस्थान
७ जुलै २०२४

म्हाळसाकाकूस अविराजचा नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, बोललेलं वाऱ्यावर जातं, काय असेल ते लिहून पाठव, आणि फोन ठेवला. नंतर मी परत परत लावला तर उचलला नाही. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मराठीत एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

मी सध्या एका मधपेट्यावाल्याकडं आहे. इथं कापसाला फुलं लागलीत, मैलोन्‌मैल कापूस, आणि त्याच्या कडेनं आमच्या पेट्या. रोज पेट्या उघडायच्या, राणी आहे का बघायची, नसली तर दुसऱ्या पेटीतली अंडी आणून द्यायची. माश्या मग स्वतःची राणी स्वतः तयार करतात. मला आधी खोटं वाटलं होतं. मालक सरदारजी आहे, मराठी एकच शब्द येतो, "चला". तो दिवसभर म्हणतो.

हां, तर जमिनीचं. तुम्ही म्हणता माझी सही लागणार आहे. कशाला ते मला कळलं नाही. आमचं घर टेकाडावर, तुमचं घर खाली ओढ्याकडं लवणात. टेकाडाचं रान आम्ही करायचो, लवणाचं तुम्ही करता. माझ्या जन्माआधीपासून हेच चाललंय. यात सही कसली? आणि आई गेल्यापासून या पाच वर्षांत मी टेकाडावर पाय ठेवलेला नाही. रान पडीकच असणार, त्यात बघायला काय राहिलंय?

सही पाहिजेच असेल तर कागद इकडं पाठवा, करून परत टाकतो. पण लवकर पाठवा. पुढच्या महिन्यात मी इथं असेन का सांगता येत नाही. सरदारजीचा भाऊ हिमाचलात सफरचंदाच्या गाड्या भरतो, तो चल म्हणतोय.

तुमचा,
अविराज

*

चिंचमळा, ता. इंदापूर
२० जुलै २०२४

चि. अविराजला म्हाळसाकाकूचा आशीर्वाद.

न वाचता सही करून परत टाकतो ही भाषा पुन्यांदा लिहू नगंस. तुझ्यासारख्याच्या सहीवर तालुक्यात माड्या उठल्यात.

तुला कुणी सांगितलं न्हाय, म्हणून सांगते. टेकाड कागदावर तुमचं न्हाय आन लवण कागदावर आमचं न्हाय. मूळचं लवण तुझ्या आजोबाचं, सावळारामतात्यांचं. टेकाड माझ्या सासऱ्याचं, गेणबाआबांचं. पण घरं उलटी. तात्यांचं घर टेकाडावर आन रान खाली. आबांचं घर खाली आन रान वर. रोज सकाळी दोघं बैल घेऊन निघायचे आन ओढ्यात एकमेकाला आडवे यायचे. तिथं बसून तंबाखू खायची आन मग एक वर, एक खाली. एक दिवस आबा म्हणले, तात्या, आपण बैलांना उगं चालिवतोय. तिथंच नारळ फोडला, रानं बदलून घेतली. कागद न्हाय, साक्षीदार न्हाय, बैलंच काय ती साक्षीला.

दोघं जिवंत हुते तवर भागलं. आता सातबारा काढला की लवणावर तुझं आन तुझ्या बहिणीचं, मेघनाचं नाव येतंय, टेकाडावर माझं. माझं घर लवणात, हीर लवणात, डाळिंबाची बाग लवणात. शेतीपंपाला कनेक्शन मागितलं तर म्हणले मालकाला आणा. मालक कोण? तू. आन तू कुठं, तर माश्यांमागं. उद्या मी डोळं मिटलं तर माझ्या छकुलीनं कुणाच्या नावावरच्या घरात दिवा लावायचा? बारामतीला नर्सिंग शिकती ती, तिला मी काय सांगू, की बाई तुझं माहेर अविराजच्या मर्जीवर हाय?

सरकारनं सलोखा योजना काढलीय. दोन शेतकऱ्यांची रानं अशी एकमेकाच्या ताब्यात बारा वर्सांच्या वर असली, तर नाममात्र पैशात अदलाबदलीचा दस्त हुतो. तलाठी आन मंडल अधिकारी येऊन पंचनामा करणार, शेजारच्यांचे जबाब घेणार, मग इंदापूरला दस्त. तिथं अंगठा आन फोटो लागतो, सही टपालानं चालत न्हाय. तुला यावं लागंल आन मेघनाला बी. जानेवारीत मुदत संपती.

सफरचंद कुठं पळून जात न्हायती. ये.

म्हाळसा

*

माळेगाव बुद्रुक
१८ ऑगस्ट २०२४

काकू,

हिमाचल राहिलं. सरदारजीशी बिनसलं, म्हणजे भांडण नाही, पण एका जागी फार दिवस झाले की माझ्या पायाला मुंग्या येतात. कांद्याच्या रिकाम्या ट्रकमधून नाशिकपर्यंत आलो. त्या ड्रायव्हरनं वाटेत मला गिअर शिकवले आणि एका घाटात गाडी माझ्या हातात देऊन स्वतः झोपला, तो किस्सा नंतर. आता इथं एका गॅरेजात आहे. कारखाना सुरू व्हायच्या आधी उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करून घ्यायची सगळ्यांना घाई असते. दिवसभर वेल्डिंग.

पण पत्र वेगळ्या कारणासाठी लिहितोय.

परवा युवराज भेटला. तो माझ्याबरोबर शाळेत होता, त्याचा ट्रॅक्टर दाखवायला आलेला. मी सहज म्हटलं, आमच्या टेकाडावर बाभळी किती वाढल्या असतील रे. तर तो हसायला लागला. म्हणाला, "बाभळी कुठल्या? काकूची ज्वारी असती तिथं दरसाल, पुरुषभर. खाली बाग, वर ज्वारी. तू फिर असाच."

मी तुमचं मागचं पत्र काढून परत वाचलं. त्यात तुमची विहीर आहे, बाग आहे, आबांचे बैलसुद्धा आहेत. टेकाड तुम्ही पेरता हे कुठंच नाही. मी पडीक असेल असं लिहिलं, त्यावरही तुम्ही गप्प.

दुसरी गोष्ट. बारामतीत राजवर्धन म्हणून जमिनीचे व्यवहार करणारे आहेत. ते स्वतः गॅरेजवर आले, मला चहाला नेलं. त्यांना लवणाचा सातबारा तोंडपाठ. म्हणाले, पलीकडून नवा रस्ता जातोय, लवण तुझ्या नावावर आहे, म्हातारी बसलीय तिला बसू दे, ते आम्ही बघून घेतो. तू फक्त बहिणीचं हक्कसोडपत्र घे, गणपतीत इसार करू. हक्कसोडाचा तयार कागद पण दिला. माणूस गोड आहे. इतका गोड की मला सरदारजीच्या पेट्या आठवल्या, तिथं पण मध काढायच्या आधी धूर देतात.

पण काकू, तो गोड असला तरी तुम्ही सरळ आहात का? दोन्ही रानं तुमची, आणि वर सही माझी? बाप नाही, आई नाही, पोरगं भटकतंय, तेव्हा कोण विचारणार, असं का?

गणपती बसायच्या आत उत्तर पाहिजे. नाही आलं तर मी इसार करणार. मी हे रागात लिहीत नाही, ठरवून लिहितोय.

अविराज

*

चिंचमळा
२२ ऑगस्ट २०२४

अविराज,

तुझं पत्र चुलीत घालणार हुते. मग म्हणलं, लिहून पाठव असं आपणच सांगितलं, आता जाळायचं कसं.

व्हय. टेकाड मीच पेरते. युवराज खोटं बोलला न्हाय.

वैनी गेल्या आन तू दाराला कुलूप लावून गेलास. पहिल्या सालात कुसळ माजलं. त्येच्या म्होरं हराळी बांध वलांडून दादासाहेबाच्या मक्यात शिरली. शेजारी त्यो तुमचा, पण शिव्या घालायला माझ्या दारात आला. तुझ्या दारात जाऊन काय कुलपाला शिव्या देणार? तवा मी नांगूर घातला. नांगरलेलं रान मोकळं सोडवत न्हाय, म्हणून ज्वारी टाकली. कडबा माझ्या जनावरांनी खाल्ला. ज्वारी कुठं गेली ते तू इचारलं न्हाईस आन आता मी सांगणार न्हाय.

तुला लिहिलं का न्हाय म्हणशील, तर तुझं रान मी पेरलं हे सांगून तुझ्यावर उपकार चढवायचं मला जमलं न्हाय. तुला त्यात चोरी दिसली, बरं झालं.

इकायचं तर इक. पण लवणात निम्मं नाव मेघनाचं हाय. लेकीला साडी नेसवायची आन हक्कसोडावर सही घ्यायची ही हितली रीत मला ठावं हाय, माझ्या भावांनी माझी बी घेतली. त्या राजवर्धनाला तिच्याकडं धाडू नगंस. तू जा. तिच्या तोंडावर इचार, मग काय करायचं ते कर.

मी घरातनं हलणार न्हाय. तू इसार केलास तर मी इंदापूरच्या कोर्टात उभी राहीन. रडणार न्हाय, हात जोडणार न्हाय. वकील बघून ठेवलाय.

म्हाळसा

*

करमाळा
२ सप्टेंबर २०२४

काकू,

हे मी मेघनाच्या ओट्यावर बसून लिहितोय.

निघालो होतो सरळ इकडंच, पण भिगवणला गाडी थांबली आणि मासे खायला उतरलो. मग एक नाववाला म्हणाला, धरणाच्या पाण्यात बुडालेल्या देवळाचं शिखर दिसतं, चल दाखवतो. ते दिसलं नाहीच, पाणी भरपूर आहे, पण त्यात दिवस गेला. इथं पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची जेवणाची वेळ झालेली. पिशवीत हक्कसोडाचा कागद. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो, ताई तुझं तिकडं सगळं चांगलं आहे, तुला त्या रानाचं काय करायचंय, वगैरे.

मेघनाच्या सासूबाई प्रयागबाई, मला वाटलं टोमणे मारतील, लग्नानंतर मी एकदाच आलेलो. तर त्यांनी पाट मांडला. शेजारणीला हाक मारून सांगितलं की मेघनाचा भाऊ आलाय, ज्वारीवाला. मला वाटलं दुसऱ्या कुणाशी घोळ घालतायत. मग ताटात भाकरी पडली आणि त्या म्हणाल्या, "खा, तुमच्याच रानातली हाय. भाऊ येत न्हाय, पण पाडव्याला पोतं चुकत न्हाय. सगळ्या सुनांत हिचीच मान वर."

मी वर बघितलं. मेघना चुलीपाशी, तिची पाठ माझ्याकडं. ती नुसती म्हणाली की मागच्या सालची ज्वारी जास्त गोड होती.

काकू, मी जेवलो. तीन भाकरी खाल्ल्या.

दुपारी ती भांडी घासत होती तेव्हा शेजारी बसून सगळं सांगितलं. एकही पोतं मी पाठवलेलं नाही. टेकाड काकू पेरते. टेम्पोवाल्याला काकूच सांगत असणार, भावानं दिलंय म्हणून. आणि मी तुझी सही घ्यायला आलोय. मेघना बराच वेळ एकच तांब्या घासत राहिली. मग म्हणाली,

"म्हणजे आई गेल्यापासून माझं माहेर काकूनं चालवलं."

तिनं हक्कसोडाचा कागद मागितला. पूर्ण वाचला, ती माझ्यापेक्षा शिकलेली आहे. मग त्याची घडी घालून चुलीवरचा तवा उतरवायला घेतला. संध्याकाळपर्यंत तो कागद काळा झाला.

सलोख्याच्या दस्तावर सही करायला ती येणार आहे. तिचं एकच म्हणणं आहे, टेकाडावर तिचं नाव माझ्या शेजारी लागलं पाहिजे. भाऊ सांभाळून घेईल असं तोंडी काही नको. मी हो म्हटलं. हेही लिहून देतोय.

राजवर्धनना फोन करून 'नाही' म्हणून सांगितलं. ते म्हणाले, भावनेत निर्णय घेऊ नकोस. मी म्हटलं, भूक लागलेली, जेवलो आणि घेतला.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते परत घेता येत नाही, तुम्ही पत्र जाळलंही नाही. राहू द्या. पंचनामा कधी ते कळवा. मी येतो.

अविराज

*

चिंचमळा
९ सप्टेंबर २०२४

चि. अविराज,

पत्र पोचलं. ज्वारीचं परत लिहू नगंस.

हितं नवी अडचण उभी राहिलीय. तलाठीबाई गावात आलती. चांगली पोरगी हाय, समजून सांगती. तिनं इचारलं, टेकाड कोण पेरतंय. दादासाहेब तिथंच उभा हुता, म्हणला, ही बाईच पेरती, सगळा गाव बघतो. खरंच बोलला. तवा बाई म्हणली, मग पंचाईत हाय. सलोख्यात ताबा दोन्हीकडनं पायजे. तुमचं रान त्यांच्याकडं आन त्यांचं तुमच्याकडं. हितं तर दोन्ही तुमच्याच हाताखाली दिसत्यात. एकटीच्या ताब्यात दोन्ही असली तर अदलाबदल कसली?

म्हणजे मी रान पडीक ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असा त्येचा अर्थ. नांगूर घातला हीच चूक.

गावातले शहाणे सांगायला लागलेत. म्हणत्यात, सांग की पोरगा पेरणीला येतो आन जातो, कोण बघतंय. मी न्हाय म्हणलं. खोट्या जबाबावर दस्त केला आन उद्या कुणी ती नस दाबली, तर आपली छकुली आन तुझी हुणारी पोरं कचेरीच्या पायऱ्या झिजवतील. तात्या-आबांनी कागद न करून एक घोळ ठेवला, मी खोटा कागद करून दुसरा ठेवणार न्हाय. जे खरं हाय तेवढंच सांगायचं, आन त्येवरच दस्त हुईल असं बघायचं.

मंडल अधिकारी २० तारखेला सकाळी टेकाडावर येणार हायती. म्हणले, दुसऱ्या बाजूचे जबाब ऐकून मग ठरवू. तवा सगळं तुमच्या दोघांच्या तोंडावर हाय. मेघनाला मी येगळं लिहिलंय. पक्षपंधरवडा लागलेला असंल, लोक म्हणतील शुभ काम कशाला. मी म्हणते, बरं हाय, कचेरीत गर्दी नसती.

सकाळी यायचं. वाटेत मासे खायचे न्हायती.

म्हाळसाकाकू

*

चिंचमळा
२१ सप्टेंबर २०२४

अविराज,

काल दिवस मावळताना तू आलास तवा मी तुझ्याशी बोलले न्हाय. बोलले असते तर लई बोलले असते. तू म्हणलास, गॅरेजात ट्रॉलीखाली आग्या माश्यांचं मोहोळ बसलं, पोरं टायर पेटवायला निघाली, ते उतरवण्यात येळ गेला. गेला असंल. माश्यांना तुझी गरज हुती, हितं बी हुती.

काय झालं ते मेघनानं तुला सांगितलं असंल, पण ती स्वतःचं कमी सांगती, म्हणून मी लिहिते.

बांधावर सगळी जमली. मंडल अधिकारी, तलाठीबाई, दादासाहेब, वरच्या अंगाचे जयवंताआबा. तुझी वाट बघितली. मग साहेब म्हणले, खातेदार आला न्हाय, त्येला रानाची फिकीर दिसत न्हाय, ताबा बाईचाच धरावा लागंल. मी मान खाली घातली न्हाय. डाळिंबाची झाडं तिथनं दिसत्यात, मी तिकडं बघितलं न्हाय.

तवा मेघना म्हणली, खातेदार आलीय. लवणाच्या सातबाऱ्यावर दोन नावं हायती, दुसरं वाचा. साहेबांनी कागद वर-खाली केला. म्हणले, बोला ताई.

तिनं सगळं खरं सांगितलं. भाऊ पेरत न्हाय, काकू पेरती. आई गेल्यापासनं भाऊ गावात न्हाय. दादासाहेब मान हलवत हुता, बघा मी म्हणलं नव्हतं का. साहेब लिहायला लागले. मग ती म्हणली,

"साहेब, हेही लिहा. या रानातलं पीक दर पाडव्याला माझ्या दारात भावाच्या नावानं आलंय. माझ्या सासूनं ते माझं माहेर म्हणून उतरवून घेतलंय. रान काकूचं असतं तर पीक तिच्या घरात गेलं असतं. राबली ती, पण रान आमचंच धरून राबली."

दादासाहेब मधीच म्हणला, कडबा मातर बाईनं न्हेला. मेघना म्हणली, ती तिची मजुरी, आमी दिली असं लिहा. जयवंताआबा हसले. म्हणले, पोत्यांचा टेम्पो माझ्याच पोराचा हाय, दरसाल तोच करमाळ्याला न्हेतो, त्येचा जबाब घ्या. त्येला बी बोलावलं, त्यो बी बोलला.

साहेबांनी ते बी लिहून घेतलं. मग दादासाहेबाला इचारलं, तुमचं बांधावरनं भांडण झालं तवा ही बाई काय म्हणलेली? दादासाहेब काय बी असला तरी खोटं बोलणारा न्हाय. म्हणला, ती म्हणलेली, अविराजच्या रानातली हराळी हाय, मी काढून देते. तवा साहेबांनी लिहिलं, टेकाडाचा ताबा सावळाराम यांच्या वारसांचा, वहिवाट त्यांच्यावतीनं. दादासाहेबानं सही केली. पहिली त्येचीच.

आज तू चावडीत जबाब दिलास ते कळलं. दस्त २७ तारखेला इंदापूरला हाय. यायचं असलं तर ये. न्हाय आलास तर मी पुन्यांदा लिहिणार न्हाय.

म्हाळसा

*

माळेगाव बुद्रुक
२३ सप्टेंबर २०२४

काकू,

कारण देत नाही. दिलेलं कारण खरं होतं, पण ते पुरेसं नव्हतं. मोहोळ थांबलं असतं, साहेब थांबणार नव्हते.

२७ ला इंदापूर. आधार कार्ड, फोटो, सातबारा घेऊन येतोय. गॅरेजवाल्याला सांगितलंय की त्या दिवशी ट्रॉलीवर वाघ बसला तरी मला बोलवू नको.

अविराज

*

चिंचमळा
४ ऑक्टोबर २०२४

चि. अविराजला आशीर्वाद.

दस्ताच्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी तू पायरीवर बसलेला बघितला, तवा मला वाटलं आपण चुकीच्या कचेरीत आलो. मेघना म्हणली, न्हाय काकू, त्योच हाय.

लवण आता माझ्या नावावर लागंल, टेकाड तुमच्या दोघांच्या. फेरफाराची नोटीस चावडीवर लागलीय. तलाठीबाई म्हणली, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली न्हाय की नोंद पक्की. कोण हरकत घेणार? दादासाहेब रोज जाऊन नोटीस वाचतोय, पण ते नुसतं आपलं नाव पंचांत नीट लिहिलंय का बघायला. छकुलीला फोन केला. ती म्हणली, आई, आता मोटर घे. तिला मोटरच सुचती.

आता एक गोष्ट, ती नीट वाच. शाळू ज्वारी पेरायचं दिस आलेत. टेकाडाला वाफसा चांगला हाय. हितं दरसाल या टायमाला माझी पेरणीची पाभर वर जाती. यंदा जाणार न्हाय. पोरा, मी रागावून लिहीत न्हाय. पंचनाम्यात काय झालं ते तू बघितलं न्हाईस, मी बघितलं. एका चांगुलपणानं सगळं बुडणार हुतं, मेघना हुती म्हणून वाचलं. मी परत तिथं पेरलं तर दहा-बारा वर्सांनी कुणीतरी असाच बांधावर उभा राहून इचारंल, ताबा कुणाचा. तवा मी नसंन, मेघना म्हातारी झालेली असंल.

तात्या-आबांची चूक एवढीच, की त्यांना वाटलं आपला शब्द आपल्या मागं बी चालंल. शब्द चालत न्हाय. नांगूर चालतो आन कागद चालतो.

तवा टेकाड तुझं. पडीक ठेव, वाट्यानं दे, पण दिलं तर लिहून दे. मी बांध वलांडणार न्हाय. हराळी माजली तर दादासाहेबाला तुझा पत्ता देईन, फिरता असला तरी.

म्हाळसाकाकू

*

माळेगाव बुद्रुक
८ ऑक्टोबर २०२४

काकू,

पत्र वाचून आधी जरा रागच आला. म्हटलं, एवढी वर्षं पेरलं, आणखी एक साल पेरलं असतं तर काय झालं असतं. मग गॅरेजात एकाच्या ट्रॉलीचा साठा, म्हणजे खालचा सांगाडा, बदलत होतो. त्यानं मागच्या साली तात्पुरतं वेल्डिंग करून घेतलेलं, तेच चार ठिकाणी तुटलेलं. तेवढ्यावर तुमचं पटलं.

पाडेगावच्या बाजूचा एक जण भेटला, त्याच्याकडं नवी तिफण विकायला आहे, ट्रॅक्टरची. ती बघायला गेलो आणि तिथं त्याची घोडी व्यायला झालेली, म्हणून तिथं थांबलो, शिंगरू झालं, पांढऱ्या पायाचं. असो. तिफण घेतली नाही. युवराजचा ट्रॅक्टर आणि पेरणी यंत्र रविवारी सांगितलंय. तो हसला नाही या वेळी, फक्त म्हणाला की सकाळी लवकर, नाही तर तो दुसरीकडं जाईल.

मेघना शनिवारीच येणार आहे. दाजी पण येतायत. ती म्हणते, अर्धं रान माझं आहे तर निम्म्या तासांत, म्हणजे ओळींत, बियाणं मी सोडणार. सासूबाईंनी तिला पदर खोचून पाठवलंय, म्हणाल्या, यंदा पोतं स्वतः आण.

मी किती दिवस राहीन ते लिहीत नाही. तुम्हाला पटणार नाही आणि मला ठाऊकही नाही. पण पेरल्यावर खुरपणी असते, मग राखण, मग काढणी. तेवढ्यासाठी गॅरेजवाल्याला सांगून टाकलंय की सुट्ट्या लागतील, आणि त्या नाही दिल्या तर गॅरेज सुटेल, रान नाही.

घराचं कुलूप गंजलं असेल. मी कटर घेऊन येतोय. तुम्ही उघडायला जाऊ नका.

रविवारी तुम्ही रानात येऊ नका. पंचनाम्यात तुमचं रान खाली लिहिलंय. बांधावर बसा. मला पेरणीचं काही येत नाही, युवराज घाईत असतो आणि मेघना मला ओरडत नाही. तास वाकडा गेला की तिथनंच शिव्या द्या, मोठ्यानं, दादासाहेबाला पण ऐकू जातील अशा.

तुमचा,
अविराज